अर्धा खोपा

आमच्या वाडीतला एक माड विहिरीवर वाकलाय. दर पावसाळ्यात त्याच्या झावळ्यांना सुगरणींचे खोपे लटकतात. यंदा मोजले, अकरा भरले. त्यातले चार अर्धेच.

पूर्वी वाटायचं, पावसानं काम अडलं असेल. मग एका श्रावणात चहाचा कप घेऊन पडवीच्या पायरीवर बसलो, आणि लक्षात आलं की इथे नुसतं बांधकाम नाही, बघण्याचा कार्यक्रम चाललाय. नाव बाईचं, पण खोपा विणतो तो नर. डोकं हळद माखल्यासारखं पिवळं. भाताच्या पात्याला चोचीनं खाच पाडायची, ती कड धरून उडायचं, की लांबलचक पट्टी सोलून हातात. म्हणजे चोचीत. अशा शेकडो खेपा. खोप्याला हेल्मेटसारखा आकार आला, खाली आडवा पट्टाही पडला, की गडी थांबतो. अंड्यांची खोली नाही, यायची नळी नाही. त्या अर्ध्या घराला लोंबकळून पंख फडफडवत नुसता कलकलाट!

मादी येते, आत शिरते, दोन-चार काड्या ओढून बघते. लेकीसाठी स्थळ बघायला गेलेली माझी आत्या चहा यायच्या आधी त्यांच्या माजघरातले वासे ठोकून आली होती. विणकामापेक्षाही खोपा टांगलाय कुठे, याला मादीच्या लेखी जास्त किंमत.

पसंत पडलं की जमतं. ते जमणं म्हणजे जेमतेम काही सेकंद. बहुतेक पक्ष्यांत नराला लिंग नसतंच. दोघांनाही शेपटीखाली एकच द्वार, ते एकमेकांना टेकवलं की झालं. एवढ्यासाठी ही सगळी मेहनत!

पण ते काही सेकंद पुरतात बरं. एकदा पाहुण्यांसाठी आमचा एकुलता एक कोंबडा कापला. त्यानंतर आठवडाभरात कोंबडीनं घातलेली अंडी आजीनं रवणाला बसवली तेव्हा मी हसलो. ‘तिच्यापाशी शिल्लक असतं रे,’ आजी म्हणाली. एकविसाव्या दिवशी डालग्याखाली चिवचिव. नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडेसुद्धा टिकतं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

सुगरणीचा नर पसंतीनंतर खोली, नळी पुरी करतो. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालून पंधराएक दिवस एकटीच उबवते, आणि हे महाशय शेजारच्या झावळीवर दुसऱ्या संसाराची गाठ मारत असतात. हे बिंग फुटलं आमच्याच किनाऱ्यावर. पक्षितज्ज्ञ सलीम अली १९३० मध्ये जर्मनीहून परतले तर नोकरीच उरली नव्हती. किहीमला येऊन राहिले, सुगरणींची वसाहत न्याहाळत बसले आणि १९३१ मध्ये त्यावर निबंध छापला. नोकरी गेलेला माणूस दिवसभर खोप्यांकडे बघत बसलाय म्हटल्यावर गावात काय बोलत असतील, ते मला बसल्या जागी ऐकू येतं.

गेल्या वर्षी वाऱ्यानं एक अर्धा खोपा विहिरीच्या कठड्यावर पडला. आत चिखलाचे वाळलेले थापे होते. लहानपणी सांगायचे, त्यात काजवे चिकटवून सुगरण दिवा लावते. काजवा काही सापडला नाही. खोपा पडवीत टांगून ठेवलाय. परवा आत्या आली, तिनं बोट घालून वीण ओढून पाहिली.

‘घट्ट आहे की रे. मग नको का म्हणाली?’

‘झावळी फार खाली होती, आत्या.’

‘मग बरोबर आहे तिचं,’ म्हणत आत्या चहा टाकायला आत गेली.