पॅसिफिका गेली अमळनेरला

तीन वर्षं गिटार कपाटावर पडून होती. दिवाळीच्या आवराआवरीत तेवढी खाली यायची. यंदा पिशवी उघडली तर तारांवर गंज, हात लावला की बोटं काळी. आई म्हणाली, "वाजवत नाहीस तर दे एखाद्या पोऱ्याला." बायको काही बोलली नाही, पण कपाटावरची ती जागा तिला केव्हापासून हवी होती.

यामाहा पॅसिफिका 112, काळी. 2014 मध्ये पुण्याहून 19 हजारांना आणलेली. हिच्यावर मी भुसावळ-जळगावातल्या किती लग्नांत वाजवलं, मोजदाद नाही. पुढे कीबोर्डवालाच गिटारचाही आवाज काढायला लागला आणि ऑर्केस्ट्रातलं माझं पाकीट बंद झालं. राग कीबोर्डवर काढून काय उपयोग.

विकायच्या आधी दोन रविवार तिच्यावर घालवले. नऊ नंबरच्या तारांचा नवा सेट चढवला. व्हॉल्यूमचा नॉब खरखरायचा, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवला, खरखर गेली. मान मात्र वाकली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. लाकूड सुकून आक्रसतं आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन तळहाताला बोचतात. पावसाळ्यात उलटं, लाकूड फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. षटकोनी ॲलन की घेऊन मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) पाव फेरा आवळला, रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा पाहिलं. एका दमात पिळायला गेलं की रॉडच तुटतो, आणि मग ती गिटार विकायची नाही, भिंतीवर टांगायची. दुसऱ्या ते सातव्या फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा तशाच राहिल्या. त्या काही पुसून जात नाहीत.

विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोंत खाचाही दाखवल्या आणि जळगावला माइकच्या स्टँडवर आपटून उडालेला टवकाही. किंमत लिहिली 14 हजार.

पहिला मेसेज, "लास्ट प्राइस?" दुसऱ्याने चार हजार सांगितले. तिसऱ्याला बदल्यात जुना मोबाइल द्यायचा होता. चौथा एकदम गोड बोलणारा. म्हणे मी फौजेत आहे, गिटार न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की आपलेच जातात. त्याला ब्लॉक केलं. कुणी फसलाच असेल तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करावा.

मग अमळनेरहून एका पोराचा फोन आला. त्याने किंमत विचारलीच नाही, विचारलं, "दादा, ब्रिजचा हंबकर चालू आहे ना?" हंबकर म्हणजे तारांचा आवाज पकडणारा, घरघर कमी करणारा पिकअप. तेव्हाच वाटलं, हा घेणार.

शनिवारी सुरत लाइनच्या गाडीने बापलेक आले. कपाशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. पोराने गिटार मांडीवर घेतली, मी ॲम्प लावला आणि नेमकी वीज गेली. पोरगा तसाच वाजवत बसला. बिनविजेची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पत्र्यावर टिचक्या मारल्यागत. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. "इतलाच आवाज?"

दोन तास वीज आली नाही. आईने बामणोदच्या वांग्यांचं भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरीसोबत चौघं जेवलो. जेवताना ते म्हणाले, "मना पोऱ्याले यानंच येड लागेल शे," आणि पोरगा लाजून ताटात बघायला लागला.

वीज आली तर ॲम्पमधून घरघर. आमच्या जुन्या घरात अर्थिंगची बोंब आहे. पोराने तारांवर हात ठेवला, घरघर कमी झाली. मग पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच हंबकरवर टाकला, आणखी खाली गेली. वडिलांना त्यानेच समजावलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. मग त्याने वाजवलं. बरं वाजवत होता. माझ्यापेक्षा स्वच्छ, खरं सांगायचं तर.

वडिलांनी साडेनऊ सांगितले, मी अकरा. साडेदहावर मिटलं, दहा वॅटचा ॲम्प वरून दिला. रोख मोजून घेतले आणि एका कागदावर सिरियल नंबर, रक्कम, तारीख लिहून दोघांनी सह्या केल्या. चोरीचा माल म्हणून पुढे त्या पोराला कुणी त्रास द्यायला नको.

संध्याकाळी टेबलाच्या खणात ॲलन की दिसली. द्यायचीच राहिली होती. सोमवारी अमळनेरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली. रात्री पोराचा मेसेज, "मिळाली दादा. आता फिरवू का?"

मी लिहिलं, "आता नको. जूनमध्ये तारा वर आल्या तर. पाव फेरा."