वाचनवही: पावसाळ्यातली तीन पुस्तकं

चार महिन्यांत तीनच पुस्तकं, पण तिन्ही शेवटच्या पानापर्यंत. वाचनाची गोडी नव्यानं लागलेल्यांनी संख्येपेक्षा हेच पाहावं. रोज वीस पानं, जेवणानंतर, फोन दुसऱ्या खोलीत.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'साठी (१९३९) मात्र वीस पानांचा नियम मोडावा. युरोपातून निघालेल्या बोटीवरचे मोजके दिवस, त्यात चक्रधर आणि हर्टा. दिवस संपत चालल्याची ती घालमेल तुकड्यातुकड्यांनी वाचताना निसटते. दोन बैठका, फार तर तीन.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) नवखा वाचक माणदेशी बोलीपाशी अडखळतो आणि दर शब्दाला कोश उघडतो. ओघ तिथेच तुटतो. त्यापेक्षा संवाद मोठ्यानं वाचावेत. दहा-बारा पानांत कान बसतो. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचं टिंब, कोश आठवड्यातून एकदाच. प्रत वाचनालयाची असेल तर टिंब नको, चिठ्ठीवर पान क्रमांक लिहावा. दुष्काळात वाडी रिकामी होते तो भाग संपला की तालीम उभी राहते ते प्रकरण पुन्हा काढून वाचावं. माडगूळकरांनी कुठेही आवाज चढवलेला नाही, तरी गळा दाटतो.

सगळ्यात जास्त वेळ 'माझा प्रवास'नं घेतला, आणि तो सार्थकी लागला. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले, सत्तावनच्या धामधुमीत सापडले, झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. प्रत घेताना प्रस्तावना आधी चाळावी. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलेली संहिता संपादकाचा हात फिरलेली आहे. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून वेगळी आवृत्ती काढली. घ्यायची तर हीच. शेजारी नकाशा हवाच. महू, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त (कानपूरजवळचं बिठूर), काशी अशा खुणा केल्या नाहीत तर शंभरेक पानांनंतर गावांची सरमिसळ होते आणि पुस्तक मिटलं जातं. खुणा केल्या की गंगेची कावड घरापर्यंत आणणं म्हणजे काय, ते बोटाला कळतं.

नोंद त्याच रात्री करावी: एक नवा शब्द, एक प्रसंग, एक न पटलेली गोष्ट. आठवडा गेला की हातून नुसता कथासार उतरतो.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. चारही भागांची प्रत हवी, संक्षिप्त नको.