उकळी यायच्या आधीच बंद पडणारं मशीन

इकडे यूकेत घरी बिअर करायचं माझं जे मशीन आहे ना, मॅश (म्हणजे दळलेलं माल्ट, मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात मुरवणं) आणि उकळी सगळं एकाच स्टीलच्या पिंपात, ते नव्वद डिग्रीच्या आसपास गपकन बंद पडायचं, आणि रीसेटचं बटण नेमकं बुडाखाली, आता गरम वर्टने, म्हणजे माल्टच्या गोड पाण्याने, भरलेलं पिंप उचलणार कोण! सगळे म्हणाले सेन्सर बदल. मला नाही पटलं. रिकामं करून टॉर्च मारला तर एलिमेंटच्या बरोब्बर वर गोल काळा थर, करपलेल्या खिरीसारखा. माल्ट फार बारीक दळलं की पीठ जाळीतून खाली बसतं, करपतं, मग उष्णता वर जात नाही, तळ भलताच तापतो आणि कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा स्विच, उडतो. सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्याने तळ लख्ख निघाला. आता दळण जाडसर, मॅशला २४०० ऐवजी ५०० वॅट, आणि उकळीआधी लांब पळीने तळ ढवळायचा. बाहेरून जॅकेटही गुंडाळलंय, कारण सेन्सर तळाशी, तो ६७ दाखवतो तेव्हा वरचं धान्य थंडच असतं. तळाचं पाणी वर फिरवणाऱ्या पंपाचा व्हॉल्व्ह मात्र अर्धाच उघडा, नाहीतर धान्य दाबून बसतं. अमेरिकेतल्या मंडळींचं दुखणं वेगळं, १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर १५००-१६०० वॅटच, त्यांची उकळीच लवकर येत नाही.