पहिली गेमिंग बिल्ड: यादी चार वेळा खोडली, पाचवी पक्की

मंडळी, स्क्रूड्रायव्हर आणून ठेवलाय, पण फिरवायला स्क्रू अजून आलेले नाहीत. सुटे भाग आणून गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतः जोडायचाय (यालाच बिल्ड म्हणतात), आणि त्या भागांची दीड महिना नुसती यादी चालली आहे. चार वेळा खोडली, पाचवी काल रात्री पक्की केली. पक्की यादी चार ओळींत सांगून होईल, पण माझा वेळ खाल्ला तो खाडाखोडीने, म्हणून तीच लिहिते. पहिल्यांदा बिल्ड करणाऱ्यांना कुठे पाय घसरतो ते त्यातून कळेल, आणि जुन्या खेळाडूंना हसायला मिळेल.

आठवडा १

सुरुवात अर्थातच प्रोसेसरपासून केली. रायझन ७ ७८००एक्स३डी. ८ कोर, ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), गेमिंगचा कुठलाही तक्ता उघडा, हा वरच्या रांगेत. तो यादीत टाकला आणि मग उरलेल्या बजेटात ८ जीबी मेमरीचं एक ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तेच काढतं) बसवलं. मॉनिटर जुनाच, १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपके) आणि ६० हर्ट्झ.

यादी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नाकापेक्षा मोती जड झालाय. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. प्रोसेसर आणि कार्डाने मिळून सेकंदाला दीडशे फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार केल्या तरी माझ्या डोळ्यांपर्यंत साठच पोहोचणार. मग तो अवाढव्य कॅशे मी कोणासाठी घेत होते?

यादी बाजूला ठेवून जुन्या लॅपटॉपवर (जीटीएक्स १६५०, ४ जीबी) मी एक साधी तपासणी केली. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघायचं. गेममध्ये एकाच जागी उभं राहायचं, फ्रेम बघायच्या, मग रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) कमी करून ७२०पी करायचं आणि पुन्हा बघायच्या. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडवणूक ग्राफिक्स कार्डाची. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसरची, कारण पडदा लहान केल्याने प्रोसेसरचं काम फारसं कमी होत नाही. सायबरपंक २०७७ मध्ये फ्रेम उड्या मारत वर गेल्या. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात, शहराच्या गर्दीत, होत्या तिथेच राहिल्या. एल्डन रिंगबद्दल तर बोलायलाच नको, तो गेम मुळातच ६० फ्रेमवर बांधलेला आहे.

मी वर्षभरात जे खेळते त्यातलं बहुतेक पहिल्या प्रकारातलं निघालं. म्हणजे पैसा कार्डात जायला हवा. पण किती मोठं कार्ड, हे पडदा ठरल्याशिवाय ठरत नाही. इथे पहिली यादी खोडली.

आठवडा २ आणि ३

मॉनिटर आधी, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. गणित मात्र ऐकावंच लागतं. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. १०८०पी वरून १४४०पी वर गेलं की कार्डाला प्रत्येक फ्रेममागे पावणेदोन पटींहून थोडे जास्तच पिक्सेल रंगवावे लागतात. ४के हा मिड-रेंजचा खेळ नाही, तो लगेच काढून टाकला.

मग आकार. मला २७ इंच हवा होता. २७ इंचांवर १०८०पी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल, अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. १४४०पी वर तेच १०९ होतात. रोजचं वाचन आणि कामही याच पडद्यावर होणार, त्यामुळे हा निर्णय गेमने नव्हे, अक्षरांनी घेतला. १६५ हर्ट्झ, आयपीएस पॅनेल, अॅडॅप्टिव्ह सिंक. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १६५ ला ६.१. प्रत्येक गेममध्ये १६५ फ्रेम मिळणार नाहीत हे माहीत आहे. अॅडॅप्टिव्ह सिंक असल्यावर ८५-९० फ्रेमसुद्धा सलग वाटतात, पडदा कार्डाच्या तालावर चालतो.

आता कार्ड. इथे मी सगळ्यात जास्त दिवस घालवले आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या यादीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय होतं, ८ जीबीवालं. नाव तेच, चिप तीच, मेमरी मात्र दोन प्रकारची: ८ आणि १६. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचंही तेच. ज्याने कोणी एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकायची शक्कल काढली त्याला साष्टांग नमस्कार. मी आठवडाभर ज्या कार्डाचे आकडे वाचत होते ते १६ जीबीचं होतं आणि यादीत लिहिलं होतं ८ जीबीचं. नावावर जाऊ नका, मेमरीचा आकडा वाचा.

मेमरी भरली की होतं काय, ते नीट समजून घेतलं. ९०६० एक्सटीची स्वतःची मेमरी सेकंदाला ३२० जीबी वेगाने वाचता येते, ५०६० टीआयची ४४८ जीबीने. ती ओसंडली की टेक्स्चर (गेममधल्या भिंती, कपडे यांवर चढवलेली चित्रं) मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जाऊन बसतात, आणि तिथून यायचा रस्ता म्हणजे पीसीआयई स्लॉट, कार्ड बसतं ती खाच. पीसीआयई ४.० एक्स१६ चा, म्हणजे सोळा लेनचा, रस्ता सुमारे ३२ जीबी प्रति सेकंद, म्हणजे दहापट अरुंद. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरा दिसतो, पण मध्येच गचका बसतो, किंवा भिंतीवरचं टेक्स्चर चिखलासारखं दिसत राहतं. सरासरीच्या तक्त्यात हे दिसत नाही. १ टक्का लो नावाचा आकडा असतो, सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा, तो बघायचा.

अजून एक बारकावा, जो मला तिसऱ्या आठवड्यात कळला. ५०६० टीआय आठच लेन वापरतं. पीसीआयई ५.० च्या बोर्डावर आठ लेन पुरतात, पण माझ्या यादीतल्या बी६५० (चिपसेटचं नाव) मदरबोर्डाचा स्लॉट ४.० चा आहे. तिथे तोच रस्ता १६ जीबीवर येतो. मेमरी ओसंडत नाही तोवर फरक जेमतेम. ८ जीबीचं कार्ड, आठ लेन आणि ४.० चा स्लॉट, हे तिन्ही एकत्र आले की मात्र नको. ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेन वापरतं.

शेवटी आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) आणि डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) यांसाठी एनव्हिडिया घ्यावं, हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि ज्यांना पाथ ट्रेसिंगचं, म्हणजे रे ट्रेसिंगच्या सगळ्यात जड प्रकाराचं, वेड आहे त्यांनी तेच घ्यावं. मला नाही. अपस्केलिंग मी वापरणार. १४४०पी वर क्वालिटी मोड म्हणजे आतून साधारण १७०६ बाय ९६० चं चित्र काढून मोठं करणं, आणि एएमडीचा एफएसआर ४ ते चांगलं करतो. फ्रेम जनरेशनवर (खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घालणं) भिस्त ठेवून मात्र कार्ड निवडायचं नाही असं ठरवलं. मूळ फ्रेम कमी असतील तर चित्र गुळगुळीत दिसतं आणि माउस चिखलात फिरतो.

प्लॅटफॉर्म

इथे फार डोकं लावलं नाही. रायझन ५ ७६००: ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॉट टीडीपी (कुलरला किती उष्णता सांभाळायची त्याचा आकडा). डब्यात कुलर मिळतो, आणि आत छोटंसं ग्राफिक्सही आहे. ते गेम खेळण्यासाठी नाही, पण कार्ड रुसलं तर निदान पडदा तरी दिसेल. त्याच्या ७५००एफ या भावंडात ते नाही. पहिल्या बिल्डला मला ती सोय हवीच होती.

एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) निवडण्याचं कारण पुढचं आहे. एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला आणि त्यावर २०२२ मध्ये ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला. २०१७ चे कित्येक बोर्ड नुसतं बायॉस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून लोकांनी अजून चालवले आहेत. एएम५ ला २०२७ आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे पहिल्या यादीतला तो कॅशेवाला राजा, किंवा त्याचा वारस, तीन वर्षांनी याच बोर्डावर बसवता येईल. तेव्हा बाल्डर्स गेटच्या गर्दीत पुन्हा जाऊ.

बोर्ड मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा), बी६५०. अट एकच ठेवली, बायॉस फ्लॅशबॅकचं बटण. प्रोसेसर न बसवता नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येतं. नवखीच्या हाती एवढा सुटकेचा दोर असावा. शिवाय २०२३ मध्ये काही बोर्डांवर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं) फार चढून एक्स३डी चिप जळाल्या होत्या आणि मग नव्या बायॉसमध्ये १.३ व्होल्टची मर्यादा आली, हे वाचल्यापासून मी ठरवलंय: आधी बायॉस अपडेट, मग एक्सपो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायची सेटिंग).

रॅमवर दोन रात्री गेल्या, त्यातली एक फुकट. सीएल (उत्तर द्यायला रॅमला लागणारी चक्रं) ३० बरं की ४०, वेग ५६०० की ६०००, असा गोंधळ. मग सूत्र सापडलं: सीएल गुणिले २००० भागिले वेग, उत्तर नॅनोसेकंदांत. ६००० सीएल ३० म्हणजे १०. ५६०० सीएल ४० म्हणजे १४.३. ६४०० सीएल ३२ पुन्हा १०. गंमत म्हणजे जुन्या डीडीआर४ ची ३२०० सीएल १६ सुद्धा १०. नंबर दुप्पट झाले, पहिल्या बाइटची वाट तेवढीच राहिली. ६००० सीएल ३०, १६ जीबीच्या दोन स्टिक. नंतर अजून दोन घालू, हा विचार एएम५ वर सोडून द्या. चार स्टिक लावल्या की या प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. जे घ्यायचं ते दोनातच.

एसएसडी: १ टीबी, पीसीआयई ४.०, टीएलसी (मेमरी चिपचा प्रकार). पुढे चला.

आठवडा ५: पाच मिलिमीटर

चौथी यादी कॅबिनेटने मोडली. समोर अख्खी काच, आत दिवे, मी प्रेमात. सोबत थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई कुलर लिहून ठेवला होता, उंची १५५ मिमी. कॅबिनेटच्या कागदावर कुलरची कमाल उंची १५० मिमी. दोन्ही आकडे माझ्याच हाताने एकाच तक्त्यात, एकाखाली एक लिहिलेले होते आणि दोन आठवडे मला दिसले नव्हते.

त्या निमित्ताने कॅबिनेटकडे पुन्हा नीट पाहिलं. समोरच्या काचेला कडेने दोन बोटांची फट, तेवढ्यातून तीन पंख्यांनी हवा ओढायची. दिसायला देखणं, श्वास घ्यायला दमेकरी. त्याजागी समोर जाळी असलेलं साधं काळं कॅबिनेट घेतलं: कुलरला १६० मिमी, कार्डाला ३३० मिमी. कार्डाची लांबी मोजताना समोरच्या पंख्याची जाडी, २५ मिमी, वजा करायची असते. हे बहुतेक कागदांवर लिहिलेलं नसतं.

आणि मग तो मोठा कुलर यादीतून काढलाच. ६५ वॉटच्या चिपला डब्यातला पुरतो. थोडा ओरडेल. ओरडणं असह्य झालं की जागा आहेच.

पॉवर सप्लायचं गणित सोपं निघालं. कार्ड १६० वॉट, प्रोसेसर पूर्ण जोरात ८८, बाकी सगळं मिळून ५०-६०. तीनशेच्या आसपास. ५५० पुरला असता, पुढच्या कार्डासाठी ६५० घेतला. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज किती वाया जाते त्याचा दाखला, आतले भाग किती चांगले त्याचा नाही, हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे तेवढ्यावर न थांबता सविस्तर चाचण्या झालेलं मॉडेल शोधलं, दहा वर्षांची वॉरंटी बघितली. मॉड्युलर आहे, म्हणजे वायरी काढता-घालता येतात. त्याच्या वायरी दुसऱ्या पॉवर सप्लायला लावायच्या नाहीत, सॉकेट सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असते आणि ड्राइव्ह जळतात. यादीवर जाड अक्षरांत लिहून ठेवलंय.

आजची स्थिती: मॉनिटर आला. बाकी सगळं वाटेत. राहवलं नाही म्हणून जुन्या लॅपटॉपला जोडला आणि १४४०पी वर सायबरपंक लावला. १९ फ्रेम. लॅपटॉपचा पंखा शेजारच्या खोलीत ऐकू जात होता. अक्षरं मात्र सुरेख दिसतायत, ही नोंद नव्या मॉनिटरवरच लिहितेय.