बहिरी कवडी : सहा महिन्यांची नोंदवही

कवडी या माझ्या फेरेटला (लांबट अंगाचा, मुंगसासारखा दिसणारा पाळीव मांसाहारी प्राणी) घरी आणून या आठवड्यात सहा महिने पूर्ण झाले. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या आमच्या घरी ती आली, तेव्हा तिचे वय साधारण दीड वर्षाचे होते आणि फेरेट पाळण्याचा माझा अनुभव शून्य होता. ती दोन्ही कानांनी ठार बहिरी आहे. पहिल्यांदाच फेरेट पाळणाऱ्याने बहिरा फेरेट घ्यावा का, हे मी आधी अनेक जाणत्यांना विचारले होते आणि बहुतेकांनी नको असेच सांगितले होते. त्यांचे म्हणणे कुठे खरे ठरले आणि कुठे नाही, एवढ्यासाठीच ही नोंद लिहीत आहे. (सांगलीहून आई दर रविवारी फोनवर “तुझं मुंगूस काय म्हणतंय?” असे विचारते. फेरेट मुंगसाच्या नव्हे, पाणमांजराच्या कुळातला आहे, हे सांगणे मी आता सोडून दिले आहे.)

ज्या निवारा केंद्रातून ती आणली, तिथे तिच्या कागदावर दोन घरांनी परत केल्याची नोंद होती आणि कारणाच्या रकान्यात दोन्ही वेळा ‘चावते’ एवढेच लिहिलेले होते. अंग राखाडी आणि डोके मानेपर्यंत पांढरे, म्हणजे फेरेट पाळणारे ज्याला पांडा म्हणतात तो रंग. या रंगाचा आणि बहिरेपणाचा संबंध योगायोगाचा नाही. गर्भावस्थेत रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून शरीरभर पसरतात आणि त्यांतल्या काही अंतःकर्णातही जाऊन बसतात. तिथे त्यांचे काम रंग देण्याचे नसून कानातल्या द्रवाचे रासायनिक संतुलन टिकवण्याचे असते. या पेशी डोक्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर तिथले केस पांढरे राहतात आणि ऐकण्याच्या नाजूक पेशीही टिकत नाहीत. माणसांमधल्या वार्डेनबर्ग सिंड्रोम या जन्मजात विकारात असेच घडते. कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या फेरेटांतही ही शक्यता मोठी असते. याउलट लाल डोळ्यांचा, नखशिखांत पांढरा अल्बिनो मात्र ऐकू शकतो, कारण त्याच्या अंगात रंगपेशी जागच्या जागी असतात, फक्त त्यांना रंग तयार करता येत नाही. ‘पांढरा म्हणजे बहिरा’ हे समीकरण मला जुन्याजाणत्या मंडळींकडूनही ऐकायला मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहिले.

पहिले तीन आठवडे

टाळी वाजवून बहिरेपणा तपासण्याची चूक मीही केली. टाळीने हवा हलते, हाताची सावली पडते, लाकडी जमीन थरथरते, आणि कवडी वळून पाहते. मग माणसाला वाटते की हिला थोडेफार ऐकू येत असावे. ती गाढ झोपेत असताना दाराआडून किल्ल्यांचा जुडगा आणि चुंईचुंई करणारे रबरी खेळणे वाजवून पाहिले, तेव्हा तिची मिशीसुद्धा हलली नाही. एकाच कानाने बहिरा असलेला फेरेट मात्र घरच्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही. त्यासाठी पशुवैद्याकडे कानामागे आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद मोजावा लागतो.

चौथ्या दिवशी ती जुन्या जीन्सच्या पायापासून शिवलेल्या झोळीत झोपली होती. मी प्रेमाने पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या क्षणी ती माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवून लोंबकळत होती. रागाने नव्हे, भीतीने. ऐकणारा फेरेटही कुंभकर्णासारखा झोपतो, पण दार उघडल्याचा आणि पावलांचा आवाज त्याला झोपेच्या तळातून थोडा तरी वर आणतो. कवडीच्या बाबतीत मात्र अंधारातून अचानक एक प्रचंड हात येतो, एवढेच घडत होते. तिला परत करणाऱ्या दोन्ही घरांत हेच झाले असणार, अशी माझी खात्री आहे.

त्यानंतर झोपेतल्या कवडीला हात लावणे आम्ही पूर्णपणे बंद केले. आधी झोळीची दोरी दोन वेळा हलकेच ओढायची, दहापर्यंत आकडे मोजायचे, मग सामन माशाच्या तेलाचा एक थेंब लावलेले बोट तिच्या नाकापासून चार बोटांवर धरायचे आणि ती स्वतः बाहेर येईपर्यंत थांबायचे. क्रम कधीही बदलायचा नाही. पहिल्या आठवड्यात ती दचकत होती. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दोरी हलली की डोळे न उघडताच तिची जीभ बाहेर येऊ लागली. फुंकर मारून उठवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण कवडीला तोंडावरची फुंकर हा अपमान वाटतो आणि ती तसे दाताने सांगते.

पाचवा ते बारावा आठवडा

नाव कवडी असले तरी ते तिच्या काही कामाचे नाही. ते आमच्या सोयीसाठी आहे. तिला बोलावण्यासाठी दोन उपाय केले. वरच्या मजल्यावर जुन्या फळ्यांची जमीन आहे, तिथे टाचेने दोनदा ठोकले की ती कुठूनही धावत येते. खालच्या स्वयंपाकघरात काँक्रीटवर फरशा आहेत आणि तिथे मी नाचलो तरी तिला पत्ता लागत नाही, गालिच्यावरही तेच. म्हणून खालच्या मजल्यासाठी टॉर्च वापरतो. भिंतीवर दोनदा प्रकाश पाडायचा आणि ती आली की लगेच चमच्यावर तेल. फेरेटची नजर लांबचे नीट पाहण्याइतकी चांगली नसते, परंतु संधिप्रकाशात हलणारी गोष्ट तो बरोबर टिपतो, त्यामुळे हे शिक्षण दिवेलागणीच्या वेळी सुरू केले. दिवसाला पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, असे करत सोळाव्या दिवशी ती जिन्यावरून उलटी फिरून प्रकाशाकडे आली. भर उजेडात हा उपाय आजही निम्म्या वेळा फसतो.

अकराव्या आठवड्यात ती स्वयंपाकघरातल्या कपाटांखालच्या फळीच्या फटीतून वॉशिंग मशीनच्या मागे गेली. जिथून डोके जाते तिथून उरलेला फेरेट जातोच, हे वाचलेले होते, तरी ती फट मला दिसलीच नव्हती. ऐकणारा फेरेट अशा वेळी खेळण्याच्या आवाजाला बाहेर येतो. येथे आवाज निरुपयोगी, टॉर्चचा प्रकाश मशीनमुळे अडलेला आणि फरशीवर ठोकणे व्यर्थ. मशीन ओढावी तर ती चिरडण्याची भीती. शेवटी दिवे मालवून, तेलाची बशी फटीपाशी ठेवून मी जमिनीवर बसून राहिलो. अडीच तासांनी ती जांभई देत बाहेर आली. बहिरेपणाचा खराखुरा तोटा मला त्या अडीच तासांत कळला: तिला बोलावता येत नाही, म्हणून तिला हरवूच द्यायचे नाही. आता स्वयंपाकघराच्या दाराला गुडघाभर उंचीची अॅक्रिलिकची फळी आहे आणि मोकळी सोडताना तिच्या गळ्यात, अडकल्यास आपोआप सुटणाऱ्या पट्ट्याला, घुंगरू असते. घुंगरू तिच्यासाठी नाही, आमच्या पायांसाठी आहे.

ती किंचाळते, हेही लिहायला हवे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिला त्याची पट्टी कळत नाही. शेपटीला धक्का लागला तरी शेजारच्या भिंतीपलीकडून विचारणा व्हावी असा आवाज निघतो. पहिल्या वेळी मी तिला घेऊन तपासणीला धावलो होतो. काहीही झालेले नव्हते.

चौदावा आठवडा आणि पुढे

डिसेंबरमध्ये फुटाणा आला. तो तपकिरी रंगाचा, नसबंदी झालेला आणि चांगला ऐकणारा नर आहे. फेरेटांचा खेळ म्हणजे मान धरून फरफटणे, आणि तो कुठे थांबवायचा हे समोरच्याच्या फिसकारण्यावरून ठरते. कवडीला फिसकारणे ऐकूच येत नसल्यामुळे ती थांबत नव्हती. फुटाणा ओरडत होता आणि ती आनंदाने त्याची मान हलवत होती. पहिले दहा दिवस मी घड्याळ लावून दर काही मिनिटांनी दोघांना वेगळे करत होतो. तोडगा फुटाण्यानेच काढला. ओरडण्याऐवजी तो आता अंग सैल सोडून निपचित पडतो. खेळणेच बंद पडले की कवडीचा उत्साह मावळतो आणि ती त्याला सोडून देते. त्याच्या येण्याचा न मागितलेला लाभ असा की मी त्याला हाक मारली की तो धावतो आणि तो धावतो म्हणून तीही धावते.

जानेवारीत मला फ्लू झाला. माणसाचा फ्लू फेरेटला लागतो, हे फेरेट पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. 1933 साली लंडनमधल्या मिल हिलच्या प्रयोगशाळेत माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा करता आला तो फेरेटांमुळेच, आणि तिथल्या एका आजारी फेरेटच्या शिंकेने एका संशोधकालाच फ्लू दिला होता. म्हणून माझ्या आजारपणात आठ दिवस मी कवडी-फुटाण्याच्या खोलीत गेलो नाही आणि कवडीला उठवण्याचे काम पत्नीकडे गेले. तिने दोरी ओढली, पण घाईत आकडे मोजले नाहीत. तिच्या हाताला साबणाचा वास होता आणि तेलाची बाटली खालीच राहिली होती. कवडी चावली. ही नित्याची पद्धत घरातल्या किमान दोघांच्या अंगवळणी पडलेली असावी, हे मी पहिल्याच महिन्यात पाहायला हवे होते.

आता मूळ प्रश्नाकडे. नवख्याने बहिरा फेरेट घ्यायला हरकत नाही, असे माझे मत झाले आहे, पण ते सरसकट नाही. तो वयात आलेला असावा आणि त्याचा स्वभाव केंद्रातल्या लोकांनी काही आठवडे पाहिलेला असावा. चावणे म्हणजे काय हेच अजून शिकत असलेले बहिरे पिल्लू नवख्याने घेऊ नये, आणि घरात रांगते मूल असेल तर हा विचारच करू नये. बाकी ज्या गोष्टींनी माझी खरी झोप उडवली, त्यांचा कानांशी काही संबंध नव्हता. मांसाशिवाय काही न पचणारे आणि तीन-चार तासांत रिकामे होणारे आतडे, डिस्टेंपर या घातक विषाणूजन्य रोगाची लस, माजावर आलेली मादी समागमाविना तशीच राहिली तर संप्रेरकांमुळे रक्तक्षय होऊन दगावण्याचा धोका, ही सगळी कामे ऐकणाऱ्या फेरेटलाही चुकत नाहीत. जाणत्यांनी मला कानांची भीती घातली. माजाविषयी मात्र एकानेही आपणहून सांगितले नाही. पुण्याहून चुलतभाऊ विचारतो की तिकडे फेरेट पाळता येईल का. तिशीच्या आसपासचे तापमानही ज्याला सोसत नाही आणि ज्याला घाम येत नाही, त्याला एप्रिलच्या पुण्यात आणू नये, एवढेच त्याला कळवले आहे.

सध्या कवडीचे वजन 740 ग्रॅम आहे. दिवस मोठे होऊ लागले असून माजाचा हंगाम तोंडावर आला आहे, त्यामुळे केंद्राने माज रोखण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या संप्रेरकाच्या इंप्लांटची मुदत पशुवैद्याकडून याच आठवड्यात तपासून घ्यायची आहे. काल रात्री टॉर्चची बॅटरी संपली होती. मी नुसता बोटाने भिंतीवर दोनदा इशारा केला आणि ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून माझ्या बोटाकडे नव्हे, तेलाच्या बाटलीकडे पाहत राहिली. पुढच्या महिन्यात हाताचा इशारा शिकवायला घेतो आहे.