मिस्त्री उद्या येतो म्हणाले

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना पहिला फोन केला. आता नागपंचमी होऊन गेली आणि माझ्या कपाटाला एक दार अजून कमी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण घर आवरून वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, शिवायला वेळ कसा काढलास, असं पतसंस्थेतल्या दोघीतिघींनी मला विचारलंय आणि प्रत्येकीला सांगताना माझी गाडी मिस्त्रींवरच येऊन अडते.

तर वाकळ. आई गेली तेव्हा भावाने तिची ट्रंक माझ्याकडे पाठवली. सात सुती लुगडी, दोन इरकली आणि तळाशी झंपराचे तुकडे, रंग बघून वेगवेगळे गुंडाळलेले. तिला स्वतःला शिवायची होती. ट्रंक माडीवर गेली आणि पुढे तिच्यावर सगळं घर चढत गेलं.

चढत गेलं म्हणजे अक्षरशः. आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेच्या उतारावर. पावसाळ्यात इथली माणसं सकाळी उठल्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा आधी बघतात आणि मग चहा ठेवतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं, 2021 ला 56 च्या. दोन्ही वेळेला खालचं सगळं आम्ही हातोहात माडीवर टाकलं. पाणी उतरल्यावर रोज लागणारं खाली आलं, बाकीचं ‘बघू नंतर’ म्हणून वरच राहिलं. तांब्याचा बंब, तीन बंद मिक्सर, पोराची बालवाडीपासूनची दप्तरं, ह्यांचा कॅरम, शेवयाचं यंत्र आणि भुश्याच्या बोर्डाचं एक कपाट, जे पुरात भिजून पावासारखं फुगलं होतं. ते टाकायला कुणाचा हात होत नव्हता, कारण ते लग्नातलं.

वाकळीला जमीन लागते. सात बाय पाच फुटांची घ्यायची तर चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी मोकळी जागा हवी. माडीवरची खोली बारा बाय दहा, पण त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सहा वर्षं सगळ्यांना ‘वेळच मिळत नाही’ असं सांगत होते.

वेळेचं तेवढं लवकर सुटलं. आठवडाभर हिशोब मांडून बघितला. पहाटे पाणी, मग डबे, दहा ते सहा पतसंस्था, संध्याकाळी स्वयंपाक. तिथे काही निघत नाही, उगीच पहाटे चारला उठायचे बेत करू नका. मोकळा वेळ सापडला तो रविवारी दुपारी दोन ते पाच. कोल्हापुरात रविवारी मटण झालं, तांबडा-पांढरा ओरपून झाला की सगळं घर आडवं होतं. मीही होत होते, कारण सकाळी आठपासून वाटण, रस्सा, भाकरी यातच माझा जीव अर्धा व्हायचा. म्हणून मटण ह्यांच्याकडे दिलं. पहिल्या रविवारी पांढरा रस्सा फुटला. सासूबाई ताटावर बसून म्हणाल्या, “दही पडलंय का ह्यात?” मी गप्प बसले. दुसऱ्या रविवारी जमला. आता ते गल्लीत सांगत फिरतात की पांढऱ्या रश्श्याचं खरं गमक त्यांनाच कळलंय. सांगू देत. माझे तीन तास सुटले, शिवाय बुधवारी रात्री एक. आठवड्याला चार.

चार तास कमी वाटतील, पण हिशोब करा. एक बोट अंतराने धावदोरा घातला तर पाच फुटांत साधारण शंभर ओळी बसतात. सात फुटांच्या एका ओळीला मला वीस मिनिटं लागतात. म्हणजे तेहतीस-चौतीस तास, दोन महिन्यांत वाकळ अंगावर. हा आकडा कागदावर दिसला आणि मला फारच हुरूप आला. तिथेच चुकलं, कारण त्या हुरुपात मी ठरवलं की आधी खोली नीट करायची, भिंतभर कपाट करून घ्यायचं, सगळं सामान त्यात आणि मगच सुई हातात.

आवराआवरीला दोन रविवार लागले. ‘हे लागेल का?’ असं घरात कुणाला विचारू नका, प्रत्येक गोष्ट लागतेच. मी एकच विचारत होते: पुढच्या पुरात हे कोण उचलणार? या प्रश्नावर दोन मिक्सर, दप्तरं आणि ते फुगलेलं कपाट भंगारवाल्याकडे गेलं. फक्त बंबाशी सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी उचलतो की.” वय अठ्ठ्याहत्तर. बंब राहिला.

आता मिस्त्री.

माणूस वाईट नाही आणि हाताला कला आहे. पलीकडच्या गल्लीत त्यांनी केलेला देव्हारा बघूनच मी गेले होते. आले, टेप लावला, कानावरची पेन्सिल काढून माझ्या भिंतीवरच आकडे लिहिले, चहा घेतला. “वैनी, आठ दिवसांत कपाट उभं करतो.” पाच हजार अॅडव्हान्स दिला. प्लायच्या चार शीट मला आणायला सांगितल्या. आठ बाय चारची एकोणीस मिमीची शीट म्हणजे पस्तीस-चाळीस किलोचं धूड, आमच्या लाकडी जिन्यात वळेचना. शेवटी गॅलरीतून दोर सोडून वर ओढल्या, अर्धी गल्ली खाली उभी राहून सल्ले देत होती. मापं हातात असतील तर प्लाय दुकानातूनच कापून आणा, बऱ्याच दुकानांत कटिंगचं मशीन असतं. हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी एक शीट कापली. खोलीभर भुसा, ट्रंकेवर भुसा, माझ्या डोक्यात भुसा. पाच वाजता हात झटकत म्हणाले, “पेटी हितंच राहू दे वैनी, सकाळी नऊच्या ठोक्याला हजर.” पेटीत रंधा, करवत, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या. मला वाटलं, हत्यारं ठेवून गेलेला माणूस जाईल कुठे?

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले, मी अर्ध्या दिवसाची रजा घालून बसले होते. फोन केला. “येतोच आहे, गंगावेशीत आलोय.” गंगावेशीतून आमच्या घरी चालत यायला फार तर दहा मिनिटं. ते दुसऱ्या दिवशीही गंगावेशीतच होते.

मग जोतिबाची चैत्र यात्रा आली. “आमच्या गावची सासनकाठी असती, वैनी, देवाचं काम.” देवाच्या पुढे काय बोलणार? यात्रेनंतर लग्नसराई, कुणाचा तरी दिवाण मुहूर्तावर द्यायचा होता. मग त्यांच्या गावची म्हाई. मग मेव्हण्याच्या घराची वास्तुशांत. आषाढ लागला तशी त्र्यंबोलीची यात्रा. मी कॅलेंडरवर त्यांच्या सबबी लिहून ठेवायला लागले, तर कोल्हापूरचे सगळे सण-उत्सव मला तारखेसकट पाठ झाले. फोन उचलायचे नाहीत असं नव्हे, हा त्यांचा मोठेपणा. पहिल्या रिंगला उचलायचे आणि इतक्या मायेने ‘उद्या’ म्हणायचे की मी दर वेळी विश्वास ठेवायचे. एकूण नऊ वेळा मी बुधवारची सकाळ मोकळी ठेवली. नऊ. पतसंस्थेत साहेबांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का?

ह्यांचं म्हणणं, “दुसरा बघ की.” दोघांना विचारलं. दोघांनीही तीच पेटी बघून मान हलवली. दुसऱ्याने हात घातलेल्या कामात ते पडत नाहीत. म्हणजे पेटी ठेवली होती ती माझ्या भरवशासाठी नव्हे, तर खोली अडवायला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी.

आणि खोली? आधीपेक्षा वाईट. भिंतीला टेकवलेल्या तीन शीट, कापलेल्या पट्ट्यांचा भारा, मधोमध पेटी. पहिल्या पावसाने पटाशीला तांबेरा धरायला लागला, मला बघवेना. दर रविवारी मी तेलाचा बोळा फिरवायला लागले. कपाट नाही ते नाहीच, वर मिस्त्रींच्या हत्यारांची निगाही माझ्याकडे.

(अॅडव्हान्सबद्दल: प्लाय आपण आणायचा, पैसे काम होईल तसे. सांगाडा उभा राहिला की एवढे, दारं बसली की एवढे. मजुरीचे पैसे आगाऊ देऊ नका. मी दिले, कारण देव्हारा बघून भारावले होते.)

जुलैत पाऊस जोरात लागला. पाणी इशाऱ्याकडे सरकायला लागलं तसा माझा जीव वरखाली. खालचं सामान वर न्यायची वेळ आली तर ठेवायचं कुठे? मिस्त्रींना फोन केला, आवाज चढला माझा. ते शांतपणे म्हणाले, “वैनी, ह्या हवेत फेविकॉल वाळत नाही. प्लाय बी फुगतंय.” मी मुद्दाम पाण्याला टिकणारा, आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय जास्त पैसे मोजून आणला होता, ते फुगलेलं कपाट डोळ्यासमोर होतं म्हणून. तो माझ्या खोलीतल्या हवेने कसा फुगेल? फोन ठेवला आणि रडू आलं. कपाटासाठी रडणारी बाई मी आयुष्यात बघितली नव्हती.

त्याच रविवारी मटण झालं, सगळे आडवे झाले, बाहेर धो धो. मी तेलाचा बोळा घेऊन वर गेले. शीटकडे बघत बसले आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, दोन शीट ओढून जमिनीवर टाकल्या. ओढताना पोराला उठवावं लागलं, तो बडबडत आला. शेजारी शेजारी टाकल्यावर आठ बाय आठ. खालची शहाबादी फरशी गार आणि सांध्यासांध्यांत खाचा, तिच्यावर कापड सपाट बसत नाही. इथे लुगडं पसरलं आणि तळहाताने सारवल्यासारखं गुळगुळीत झालं. पोराच्या जुन्या कंपासपेटीत ड्रॉइंगच्या पिना होत्या. एक कोपरा टोचला, समोरचा ताणून टोचला, मग उरलेले दोन. कापड ढोलासारखं तट्ट. फरशीत पीन घुसेल का कधी? मोठ्या वाकळीत थर सरकतात आणि मधे फुगवटे येतात, आई त्यासाठी चारी बाजूंना पाटे-वरवंटे ठेवायची. माझं काम पिनांनी केलं. पाच थर घातले, वीतभर अंतराने कच्चे टाके मारले, पिना काढल्या आणि कडेने पक्क्या दोऱ्याला सुरुवात केली. उठले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि गुडघे बोलत होते.

कापडाचं सांगायचं राहिलं. लुगडं आधी उजेडासमोर धरायचं आणि दोन्ही हातांनी हलकं ओढायचं. विरलेलं असेल तर चर्र आवाज येतो. ते पोटात घालायचं, धड असेल ते वर-खाली. इरकलीचे काठ उसवून बाजूला ठेवा, पाच थरांखाली काठ आला तर सुई मोडते. माझ्या दोन मोडल्या. दोऱ्यावर मेणबत्ती ओढून घेतली की गाठी कमी पडतात.

मिस्त्री आले ते चौथ्या आठवड्यात. बुधवारी, सकाळी नऊच्या ठोक्याला, न सांगता. माझी वाकळ निम्म्याच्या पुढे होती आणि कापड सैल पडलं म्हणून मी ती पुन्हा पिनांवर ताणून ठेवलेली. ते दारात चप्पल काढून उभे राहिले. आधी वाकळीकडे बघितलं, मग वाकून शीटच्या कडेला बोट फिरवलं.

“वैनी, प्लायला भोकं पाडली की.”

“आतल्या बाजूला घ्या.”

“मग, उचलू?”

मी म्हणाले, “उद्या या.”

ते खरंच गेले. पेटी उघडून पटाशी मात्र बघितली, अंगठ्यावर धार लावून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. ‘उद्या’ म्हणजे त्यांच्या हिशोबाने अकरावा दिवस निघाला, तोवर माझ्या अठरा ओळी झाल्या. मग मात्र सलग चार दिवस येऊन कपाट उभं केलं. काम देखणं आहे, ते कबूल करायला हवं. फळ्या तीन तीन फुटांवर आधार देऊन घेतल्या आहेत, नाहीतर वजनाने झोळ येतो. ट्रंक सगळ्यात वरच्या खणात. खालच्या खणात बंब.

वाकळ आता जमिनीवर सतरंजी टाकून शिवते. प्लायची सर नाही. एक शीट तशीच ठेवायला हवी होती असं रोज वाटतं. डावीकडचं दार अजून बाकी आहे. मिस्त्री बिजागरी आणायला लक्ष्मीपुरीत गेलेत, गेल्या शुक्रवारी. पेटी इथेच आहे.