डावा हात कुठंय?

"उजवा हात ऐकू आला. डावा कुठंय?"

हेडफोन काढत कोरियातल्या सेऊलची माझी मैत्रीण एवढंच म्हणाली. आठवडाभर लॅपटॉपवर गायागमचा आवाज घडवत होतो. १२ रेशमी तारांचं कोरियन वाद्य. रीत १९८३ची, कार्प्लस-स्ट्राँग: क्षणभराची खरखर घ्यायची, फिरवत फिरवत मऊ करत न्यायची, की छेडलेली तार ऐकू येते. जादूच!

तिने टेबलावर बोटं दाबून दाखवलं. उजव्याने छेडायचं, घोडीपलीकडे डाव्याने तार दाबून सूर हलवायचा. यालाच नोंगह्यन म्हणतात. मी तिथे सरसकट लाट घातली होती, सेकंदाला ५ हेलकावे, टेबलफॅनसारखी.

"सगळेच सूर नाही हलत," ती म्हणाली. ग्येम्यनजो या रागासारख्या कोरियन स्वरचौकटीत एक थरथरतो, एक स्थिर राहतो, एक वरून घसरतो.

मला दरबारी रागातला झुलता गंधार आठवला. तो तरी कुणी आकड्यात बसवलाय का?